जुना डबा, नवे काम आणि आपली जबाबदारी

(मानेसर येथे भरलेल्या कार्यकर्ता अभ्यासवर्गात महाराष्ट्रातून आलेल्या रेल्वे व टपाल कामगारांसमोर रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



मला बोलायला दिलेला विषय आहे, जुन्या प्रवासी डब्यांचा पुनर्वापर. विषय ऐकून काही जणांना वाटले असेल की हा कॅरेज अँड वॅगनवाल्यांचा विषय, यात टपालवाल्यांचे काय काम? पण आर.एम.एस.चा लाल डबा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. डबा कोणता जोडायचा, कोणता काढायचा, काढलेल्या डब्याचे काय करायचे, यावर वर्कशॉपमधल्या फिटरची नोकरी अवलंबून असते, गार्डाचा जीव अवलंबून असतो आणि टपालाची थैली वेळेवर पोहोचणेही अवलंबून असते. म्हणून हा सर्वांचा विषय आहे.

आणि तो मानेसरमध्ये बोलायला योग्यही आहे. आपण बसलो आहोत तिथून जवळच मारुती सुझुकीचा कारखाना आहे. १७ जून २०२५ रोजी या कारखान्याच्या आवारातच रेल्वेच्या सायडिंगचे उद्घाटन झाले. हरियाणा ऑर्बिटल रेल कॉरिडॉरवरून पाटली स्टेशनशी हे सायडिंग जोडलेले आहे आणि वर्षाला साडेचार लाख मोटारी इथून रेल्वेने रवाना करण्याची त्याची क्षमता सांगितली जाते. पूर्वी या मोटारी ट्रेलरवर चढून हायवेने जात. आज त्या रेल्वेने जातात ही आपल्या दृष्टीने चांगलीच गोष्ट आहे. पण त्या कोणाच्या वॅगनमधून जातात, त्या वॅगनची दुरुस्ती कोण करतो, हे आपण विचारले पाहिजे. उत्तर मी पुढे देणार आहे. आधी डब्याची हकीकत सांगतो.

आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य ज्या डब्याबरोबर गेले तो आय.सी.एफ. डबा. मद्रासजवळ पेरांबूर येथे इंटिग्रल कोच फॅक्टरीचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. तंत्रज्ञान स्वित्झर्लंडमधील श्लिअरेन येथील कंपनीचे होते. त्याआधी आपल्याकडे लाकडी बांधणीचे डबे होते, अपघातात त्यांचा चुराडा होत असे. पोलादी डबा आला आणि प्रवाशांचे प्राण वाचू लागले. त्या काळात तो डबा म्हणजे मोठी प्रगती होती, हे आज त्याला नावे ठेवताना विसरू नये.

महाराष्ट्राला डबा बांधणीची परंपरा नवी नाही. आपली दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली. तिच्या पहिल्या डब्यांच्या अंडरफ्रेम इंग्लंडहून आल्या होत्या, पण वरचे सांगाडे जी.आय.पी. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये आपल्याच कामगारांनी बांधले. १९६६ साली ते डबे बदलून पेरांबूरचे पोलादी डबे लागले. जून २०२२ मध्ये तेही गेले आणि एल.एच.बी. डबे लागले. एकाच गाडीचे हे तीन जन्म. लाकूडकाम करणारा सुतार, मग रिव्हेट आणि वेल्डिंगवाला, मग स्टेनलेस स्टीलवर काम करणारा, अशी कामगाराची तीन रूपे त्यात दिसतात. प्रत्येक बदलात कोणाचे तरी कौशल्य जुने ठरले. ज्या ठिकाणी युनियन जागी होती त्या ठिकाणी त्या माणसाला नवे शिक्षण मिळाले. जिथे झोपली होती तिथे तो सरप्लस झाला.

एल.एच.बी. डबा मूळ जर्मनीचा. २००० साली पहिले डबे तिकडून आले आणि मग कपूरथळ्याच्या कारखान्यात ते बनू लागले. २०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने अहवाल दिला. जुन्या धाटणीचे डबे बनवणे बंद करून सर्वत्र एल.एच.बी. डबे आणावेत असे त्यात स्पष्ट म्हटले होते. तरीही सहा वर्षे गेली. दरम्यान २० नोव्हेंबर २०१६ रोजी कानपूरजवळ पुखरायाँ येथे इंदूर-पाटणा एक्स्प्रेस घसरली. डबे एकमेकांत घुसले आणि सुमारे दीडशे माणसे गेली. ते डबे जुन्या धाटणीचे होते. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरहून जुन्या धाटणीचा शेवटचा डबा बाहेर पडला.

फरक काय, तो थोडक्यात सांगतो, कारण टपालातील साथींना तो माहीत असण्याचे कारण नाही. जुन्या डब्याला दोन बाजूंना बफर आणि मधे स्क्रू कपलिंग असते. टक्कर झाली की एक डबा उचलला जातो आणि दुसऱ्यावर चढतो किंवा त्याच्यात घुसतो. नव्या डब्याला मध्यभागी एकच मजबूत कपलर असतो आणि एक डबा दुसऱ्यावर चढू नये अशी त्याची रचना असते. दुसरा फरक गंजण्याचा. जुन्या डब्याचे पोलाद संडासाखाली, दरवाजाच्या पायरीपाशी, सोलबार आणि ट्रफ फ्लोअरच्या सांध्यात आतून खात जाते. वरून रंग झकास असतो, खाली हात घातला तर पत्र्याचे पापुद्रे हातात येतात. दर दीड वर्षाने पी.ओ.एच.ला डबा आला की हेच पत्रे कापायचे आणि नवे जोडायचे. पोलादी डब्याचे आयुष्य पंचवीस वर्षे धरलेले आहे. मध्यावर त्याची मोठी दुरुस्ती करण्यासाठी भोपाळला निशातपुरा येथे १९८९ पासून स्वतंत्र वर्कशॉप आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. नवे डबे आले, जुने डबे हजारोंनी मोकळे झाले. त्यातील पुष्कळ डब्यांचे आयुष्य अजून शिल्लक होते. त्यांचे काय करायचे?

रेल्वेने यावर जे उत्तर काढले ते आपल्या वर्कशॉपमधील अनेक साथी रोज हाताळतात. एन.एम.जी. म्हणजे प्रवासी डब्याची मोटारी वाहून नेणारी वॅगन. बाके, बर्थ, पंखे, संडास सगळे काढून टाकायचे. खिडक्या आणि बाजूचे दरवाजे पत्रा मारून बंद करायचे. तळाला जाड पत्रा घालून तो मजबूत करायचा. डब्याच्या दोन्ही टोकांना मोठे दरवाजे करायचे आणि दोन डब्यांच्या मधे पडणारा पत्रा बसवायचा. मग रेकच्या एका टोकाला उतरण लावली की मोटार स्वतः चालत पहिल्या डब्यातून शेवटच्या डब्यापर्यंत जाते. चाकांना अटकण लावली, दोराने बांधली, दरवाजे बंद केले की गाडी निघाली. जुन्या एन.एम.जी. रेकला ताशी ७५ किलोमीटरची मर्यादा होती, पुढच्या सुधारित प्रकाराला ताशी ११० किलोमीटरपर्यंत परवानगी मिळाली. नाशिक रोडवरून आणि कळंबोलीहून अशा रेकमधून मोटारी देशभर जातात, हे आपल्यातील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

कल्पना उत्तम आहे. सांगाडा तोच, बोगी तीच, ब्रेकची व्यवस्था तीच आणि माणसाचा जीव धोक्यात घालायचा नाही. आतमध्ये प्रवासी नाही, मोटार आहे. शिवाय हे काम आपल्या वर्कशॉपमध्ये, आपल्या वेल्डरच्या आणि फिटरच्या हातून होते.

पण हिशोबही खरा मांडला पाहिजे. जुन्या डब्याची लांबी एकवीस मीटरच्या थोडी वर. लहान मोटार चार मीटरच्या आत. म्हणजे एका डब्यात पाच मोटारी. पंचवीस डब्यांच्या रेकमध्ये सव्वाशे. मोठी जीपवजा गाडी असेल तर डब्याला चारच. एका मोटारीचे वजन साधारण एक टन धरले तर पाच टन माल नेण्यासाठी त्याच्या कितीतरी पट वजनाचा डबा ओढावा लागतो. याउलट मारुतीच्या सायडिंगमध्ये ज्या खास दुमजली वॅगन येतात त्यांच्या एका रेकमध्ये अडीचशेच्या वर मोटारी बसतात. आकडा सरळ आहे, दुप्पट. आणि या दुमजली वॅगन रेल्वेच्या मालकीच्या नाहीत. मोटारगाड्यांच्या वाहतुकीसाठी खाजगी परवाना देण्याची योजना आहे, त्या योजनेखाली मोटार कंपन्यांपैकी पहिला परवाना २०१३ साली मारुतीलाच मिळाला. रूळ आपला, इंजिन आपले, लोको पायलट आपला, वॅगन मात्र दुसऱ्याची. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे.

म्हणजे आपल्यासमोर दोन गोष्टी आहेत. एन.एम.जी.चे काम आपल्या वर्कशॉपला आज आधार देते, पण तो आधार कायमचा नाही. जुने डबे संपले की ते काम संपेल. पंचवीस वर्षे संपलेला डबा आणखी किती ओढणार? म्हणून "एन.एम.जी. आहे ना, मग काळजी कशाला" असे म्हणणाऱ्या साथींना मी सांगतो, ही मिळालेली उसंत आहे. या उसंतीत एल.एच.बी.च्या दुरुस्तीचे शिक्षण, यंत्रसामग्री आणि जागा आपल्या वर्कशॉपला मिळवून घ्यायची आहे. लातूरला मराठवाड्यात डब्यांचा कारखाना उभा राहिला. त्याबद्दल आपल्याला आनंद आहे. पण तेथील वंदे भारत गाड्यांच्या करारात १२० गाड्या बांधण्याबरोबर त्यांची ३५ वर्षांची देखभालही कंत्राटदार कंपनीकडेच आहे. ३५ वर्षे म्हणजे एका कामगाराची संपूर्ण नोकरी. आज अप्रेंटिस म्हणून लागलेला मुलगा निवृत्त होईपर्यंत त्या गाडीला रेल्वेच्या कायम कामगाराचा हात किती लागणार, याचा विचार करा.

जुन्या डब्यांचे इतरही उपयोग झाले. २०२० साली कोरोना आला तेव्हा पाच हजारांहून अधिक डबे विलगीकरणासाठी तयार केले. मधले बर्थ काढले, एका संडासाचे न्हाणीघर केले. लॉकडाऊनमध्ये गाड्या बंद होत्या, पण आपला कामगार जीव मुठीत धरून वर्कशॉपमध्ये आला आणि त्याने हे काम पूर्ण केले. पुढे बहुतेक डबे वापराविना उभे राहिले, ही गोष्ट खरी. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारला आणि नागपूरजवळ अजनीला हे डबे रुग्णांच्या उपयोगी पडले. ज्या आदिवासी जिल्ह्यात खाटा अपुऱ्या पडत होत्या तिथे रुळावर दवाखाना उभा राहिला. हा पुनर्वापर कोणत्याही ताळेबंदात दिसणार नाही, पण तो आपल्या कामगारांचा अभिमान आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जुन्या डब्यात उपाहारगृह सुरू झाले, नंतर नागपूरलाही झाले. रेल्वेला परवाना शुल्क मिळते, लोकांना मौज वाटते. त्याला आमचा विरोध नाही. परंतु त्यात वर्कशॉपला काम एकदाच मिळते आणि पुढची नोकरी कंत्राटदाराची असते, एवढे लक्षात ठेवावे.

आता पार्सल आणि टपाल. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली. त्याच वर्षी २८ डिसेंबरला सांगोल्याहून शालिमारला शंभरावी गेली. डाळिंब, द्राक्षे, कांदा पार्सल व्हॅनमधून वेळेवर पोहोचला, कारण ती गाडी वेळापत्रकाने धावली. पुढे भाड्यातील सवलत थांबली आणि फेऱ्याही ओसरल्या. पण एक गोष्ट सिद्ध झाली. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी थांबणारी पार्सल गाडी दिली तर माल रस्त्यावरून रुळावर येतो.

टपालाचे नाते तर याहून जुने आहे. १८६३ साली अलाहाबाद आणि कानपूरच्या दरम्यान चालत्या गाडीत टपालाची छाननी सुरू झाली. पुढे तिचीच रेल्वे मेल सर्व्हिस झाली. आपल्या पुण्याचे बी डिव्हिजन, भुसावळचे एल डिव्हिजन, नागपूरचे एफ डिव्हिजन ही नावे रेल्वेच्या जाळ्यावरच वाढली. चालत्या गाडीतील सॉर्टिंग पुढे बंद झाले, टपालाच्या थैल्या मात्र गाडीने जात राहिल्या. नवी गाडी आखताना टपालाची जागा किती, हा प्रश्न शेवटी विचारला जातो आणि पुष्कळदा विचारलाच जात नाही. ३१ मार्च २०२२ रोजी रेल्वे आणि टपाल खात्याची संयुक्त पार्सल सेवा सुरत ते वाराणसी या मार्गावर सुरू झाली. घरातून पार्सल पोस्टमनने घ्यायचे, मधला प्रवास रेल्वेने करायचा आणि पुन्हा पोस्टमनने घरी पोहोचवायचे, अशी ती कल्पना. मी म्हणतो, अशा सेवेसाठी सुस्थितीतील जुने डबे पार्सल व्हॅन करून का देऊ नयेत? माणसे बसवायची नाहीत, थैल्या ठेवायच्या आहेत. खाजगी कुरिअरवाले टपालाचा व्यवसाय नेतात म्हणून आपण ओरडतो. मग त्यांच्याशी टक्कर द्यायला लागणारी डब्यातील जागा रेल्वे आणि टपालाच्या दोन्ही युनियनांनी एकत्र मागायला हवी.

आता थोडे परदेशाकडे पाहू. आपल्या रेल्वेचा जन्म ज्यांच्या हाताखाली झाला त्या ब्रिटनमध्ये जुन्या डब्यांचा वाद फार काळ चालू आहे.

तेथे पूर्वी मार्क १ नावाचे डबे होते. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमध्ये क्लॅपहॅम येथे टक्कर झाली, ३५ जण गेले. कारण सिग्नलच्या वायरिंगमधील चूक. चौकशीत आढळले की वायरिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. पण डबे जुन्या बांधणीचे असल्याने हानी वाढली, हेही पुढे आले. तरी ते डबे मुख्य मार्गांवरून पूर्ण जायला २००५ साल उजाडले.

त्या डब्यांची आणखी एक गोष्ट आपल्या वर्कशॉपवाल्यांनी ऐकून ठेवावी. त्यांच्या भिंतींत निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसचा थर मारलेला असे. स्विंडनसारख्या वर्कशॉपमध्ये तो थर मारणाऱ्या आणि खरवडून काढणाऱ्या कामगारांना वीस-तीस वर्षांनी फुप्फुसाचा असाध्य आजार झाला. गावात त्या आजाराला स्विंडनचेच नाव पडले. जुना डबा उघडताना त्याच्या पोटात काय आहे हे आधी तपासले पाहिजे, हा त्यातला धडा. रंग लावलेला पत्रा गॅसने कापताना निघणारा धूर, जुन्या इन्सुलेशनची भुकटी, संडासाखालची घाण हे सगळे आपल्याच माणसाच्या छातीत आणि हातात जाते.

पुढचे डबे मार्क ३. १९७५ ते १९८८ या काळात ते बांधले गेले आणि इतके उत्तम निघाले की चाळीस वर्षांनंतरही धावत राहिले. चिल्टर्न नावाच्या कंपनीने लंडन ते बर्मिंगहॅम मार्गावर असे जुने डबे घेतले, हाताने उघडणारे दरवाजे काढून यंत्राने चालणारे बसवले आणि इंजिन लावून गाडी चालवली. लोकांना ते डबे आवडले, कारण बसायला ऐसपैस. तिकडे कायद्यानेही काम केले. अपंग प्रवाशांना चढता-बसता आले पाहिजे यासाठी १ जानेवारी २०२० ही मुदत घातली गेली, त्यामुळे एक तर डबा सुधारा नाही तर काढा, असा पर्याय उरला. संडासाची घाण रुळावर पडू नये यासाठी तेथील रेल्वे कामगारांच्या युनियनने वर्षानुवर्षे आवाज उठवला, कारण रुळावर काम करणारा त्यांचाच सभासद होता. आपल्याकडे जैव-शौचालये आली तेव्हा ट्रॅकमनला जो दिलासा मिळाला तो याच जातीचा.

आणि उलटी गंमत पाहा. ट्रान्सपेनाइन नावाच्या सेवेत २०१९ साली अगदी नवे मार्क ५ जातीचे डबे आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते सेवेतून काढून उभे करून ठेवले. चार वर्षांचे डबे! ड्रायव्हरांच्या शिक्षणाची अडचण, बिघाड आणि भाड्याचे करार अशी कारणे. कारण तेथे खाजगीकरणानंतर डबे रेल्वेचे राहिले नाहीत, भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे झाले. शेवटी २०२५ मध्ये चिल्टर्ननेच आपल्या जुन्या डब्यांच्या जागी ते भाड्याने घ्यायचे ठरवले. नवे डबे उभे आणि चाळीस वर्षांचे डबे धावताहेत, असे चित्र दोन वर्षे होते. मालक एक, चालवणारा दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा असला म्हणजे हे असेच होते.

आता सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. स्कॉटलंडमध्ये २०१८ पासून मार्क ३ डब्यांच्या जुन्या वेगवान गाड्या नव्याने सजवून धावू लागल्या. १२ ऑगस्ट २०२० रोजी कारमाँट येथे मुसळधार पावसात दगडमाती रुळावर वाहून आली आणि गाडी घसरली. ड्रायव्हर, कंडक्टर आणि एक प्रवासी असे तिघे मरण पावले. मेलेल्या तिघांत दोघे रेल्वे कामगार होते. दोष गाडीचा नव्हता, पाणी वाहून नेणारा निचरा आराखड्याप्रमाणे बांधलेला नव्हता. पण अपघात चौकशी विभागाने २०२२ च्या अहवालात म्हटले की गाडी आधुनिक मजबुतीच्या नियमांनुसार बांधलेली असती तर परिणाम बहुधा कमी गंभीर झाला असता. त्यानंतर तेथील ड्रायव्हरांच्या युनियनने या गाड्या सेवेतून काढा अशी मागणी केली. या गाड्या गेल्या तर त्यांची दुरुस्ती करणाऱ्या कामगारांचे काम कमी होणार होते, तरीही मागणी केली.

मित्रहो, मला इथे थांबून स्पष्ट बोलायचे आहे. आपल्यातही एक विचार आहे. जुना डबा जितका टिकेल तितके वर्कशॉपचे काम टिकेल, म्हणून जुने डबे प्रवासी गाड्यांत चालू ठेवा, असे काही साथी खाजगीत म्हणतात. पोटाची काळजी मला समजते. पण ही भूमिका युनियनची होऊ शकत नाही. त्या डब्यात कोण बसतो? नवे डबे आधी राजधानीला, शताब्दीला मिळाले, मग मेल-एक्स्प्रेसला. मेलमधून उतरलेला डबा पॅसेंजरला लागतो आणि पॅसेंजरमध्ये बसतो मजूर, शेतकरी, शिकणारी मुले, बाजाराला निघालेल्या आयाबहिणी आणि ड्युटीवर निघालेला आपलाच गँगमन. श्रीमंताला मजबूत डबा आणि गरिबाला गंजलेला डबा, याला आपण कामगार चळवळ म्हणून मान डोलावणार असू तर आपल्या झेंड्याचा रंग उतरला असे समजावे.

त्याचबरोबर नवा डबा आला म्हणजे सगळे झाले असेही कोणी समजू नये. २ जून २०२३ रोजी बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचा अपघात झाला. तिला एल.एच.बी. डबे होते, तरी २९० हून अधिक माणसे गेली, कारण सिग्नलच्या यंत्रणेत चूक झाली होती. ९ नोव्हेंबर २०२४ रोजी बिहारमध्ये बरौनी जंक्शनवर इंजिन आणि डबा यांच्यामध्ये चिरडून एक पॉइंट्समन साथी गेला. डबा कोणताही असो, माणसे कमी, घाई जास्त आणि इशाऱ्यात घोटाळा असेल तर मरण कामगाराचेच. तेव्हा डब्याबरोबर माणसांची भरती, विश्रांती आणि शिक्षण ही मागणी जोडलेली असलीच पाहिजे.

मग आपली भूमिका काय असावी? मी माझ्या परीने पाच गोष्टी मांडतो. चर्चेत त्यात भर घालावी.

पहिली, ज्या डब्याची धाटणी टकरीत धोक्याची ठरली आहे तो प्रवासी सेवेतून लवकरात लवकर काढावा आणि पॅसेंजर गाड्यांना शेवटी ठेवू नये. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातल्या छोट्या मार्गांनाही चांगले डबे मिळावेत.

दुसरी, काढलेला डबा सरसकट भंगारात विकू नये. प्रत्येक डब्याची गंज, बोगी आणि ब्रेकची तपासणी करून तो मोटार वाहतूक, पार्सल, टपाल, अपघात मदत गाडी, ट्रॅकवर काम करणाऱ्यांची राहण्याची गाडी यांपैकी कशाला चालेल ते ठरवावे. हे ठरवताना वर्कशॉपमधील अनुभवी सुपरवायझर आणि कामगारांचे मत घ्यावे. डबा कुठे खाल्ला आहे हे हातोडी मारणाऱ्याला आवाजावरून कळते.

तिसरी, हे रूपांतराचे काम रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आणि कायम कामगारांकडूनच व्हावे. जिथे कंत्राटी कामगार लावले आहेत तिथे त्यांना किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळतो की नाही हे आपण पाहावे. तो आपल्या युनियनचा सभासद नसला तरी आपल्याच शेजारी उभा राहून तोच धूर पितो. मानेसरमध्ये कायम आणि कंत्राटी या भेदातून काय काय घडले हे २०११ आणि २०१२ साली साऱ्या देशाने पाहिले. त्यात एका अधिकाऱ्याचा प्राण गेला आणि शेकडो कामगारांचे संसार उघड्यावर आले. तशी वेळ कुठल्याही आवारात येऊ नये.

चौथी, डबा कापण्यापूर्वी त्यातील घातक पदार्थांची तपासणी, मुखवटे, हातमोजे, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी हे हक्काने मिळावे. मुखवटा मिळाला नाही तर त्याची नोंद लेखी करावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

पाचवी, टपाल आणि पार्सलसाठी प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीत निश्चित जागा ठेवावी आणि त्यासाठी रेल्वे व टपालाच्या संघटनांनी विभागीय पातळीवर संयुक्त निवेदन द्यावे. भुसावळ, पुणे आणि नागपूर इथून सुरुवात करता येईल. तिथे दोघांच्या शाखा शेजारी शेजारी आहेत, पण एकमेकांच्या सभेला जायची सवय सुटली आहे.

या मागण्यांत अशक्य असे काही नाही. मे १९७४ च्या संपात वीस दिवस रेल्वे कामगार उभा राहिला तेव्हा त्याने केवळ बोनस मागितला नव्हता, आपण माणूस आहोत हे सांगितले होते. त्या पिढीने आपल्याला जे मिळवून दिले त्यावर आपण जगलो. आपल्या पुढच्या पिढीला आपण काय देणार? गंजलेला डबा आणि रिकामे वर्कशॉप की चांगला डबा, शिकलेला हात आणि भरलेले वर्कशॉप?

परत गेल्यावर प्रत्येकाने एक काम करावे, एवढी विनंती. वर्कशॉपवाल्यांनी आपल्या शॉपमध्ये यंदा किती जुने डबे आले, किती बदलून गेले, किती भंगारात गेले आणि एल.एच.बी.चे शिक्षण किती जणांना मिळाले, याची यादी करावी. टपालवाल्यांनी आपल्या विभागातून कोणत्या गाडीत थैल्यांना जागा मिळते आणि कोणत्या गाडीत नाकारली जाते, याची नोंद ठेवावी. या दोन याद्या एकत्र आल्या की निवेदनाला पुरावा मिळेल. पुरावा हातात असला की साहेबासमोर आवाज चढवायची गरज पडत नाही.



कामगार एकजुटीचा विजय असो!